बाहेरगावी गेलेली माणसं

आमच्या घरातली माणसं म्हातारपणाचं सगळं सामान तयार करायची. माझी थोरली नणंद कवळ्या बनवायची आणि धाकटा दीर चष्म्याच्या काचा घासायचा. म्हातारपण तेवढं या घरातल्या पुरुषांच्या वाट्याला येत नसे. माझे सासरे पन्नाशीच्या आत गेले, त्यांचे वडील त्याहून आधी, आणि एक चुलत सासरे तर स्वतःचं लग्न झालं त्याच वर्षी. हा विनोद मी नवी नवरी असताना जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर केला होता. कोणी हसलं नाही. सासूबाई ताटावरून उठल्या. ताई, म्हणजे ही नणंदच, मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, म्हणून काही बोलत नाही. पण तो विषय आपल्याकडे काढत नाहीत."

विषय काय होता, हे कळायला मला पुढचं वर्ष लागलं. या घराला एक मागची खोली आहे. घरातल्या कोणाचं मन खचलं, म्हणजे खाणं सुटलं, झोप उडाली, डोळे नुसते उघडे राहिले, की त्याने उठायचं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं. बाकीच्यांनी बाहेर स्टुलावर ताट ठेवायचं आणि निघून यायचं. दार वाजवायचं नाही. आणि कोणी विचारलं, ऑफिसातून फोन आला, पाहुणा दारात उभा राहिला, तर एकच वाक्य बोलायचं: "बाहेरगावी गेलाय." शेजाऱ्यांना वाटत असणार, या घरचा प्रवासाचा काही धंदा आहे.

लोक मुलांना पाढे शिकवतात, तसं सासूबाईंनी आपल्या मुलांना हे वाक्य शिकवलं होतं. ताईने ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती इतकी लहान होती की दाराची कडी काढायला तिला स्टूल लागायचं. वडिलांच्या ऑफिसातला माणूस आला होता, वडील आत होते, आणि तिने न अडखळता सांगितलं. त्या दिवशी तिला शाबासकी मिळाली. पुढे वडील गेले तेव्हा वाक्य बदललं, "पाय घसरला" असं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सासूबाईंचं ब्रीद. मूठ झाकता झाकता आत काही उरलंय की नाही, हे मात्र कोणी उघडून पाहिलं नाही.

मला या सगळ्याचा राग यायचा. अजून येतो. माझ्या माहेरी कोणी रडलं तर चार माणसं गोळा व्हायची, त्यातली दोन भांडायची आणि एक चहा टाकायची. इथे माणूस आत कुढत पडलाय आणि बाहेर टीव्हीचा आवाज तेवढाच. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा बारक्या, म्हणजे हा धाकटा दीर, आत गेला तेव्हा मी चहा घेऊन दार वाजवायला हात उचलला होता. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. जोर नव्हता त्या पकडीत, पण मी चहा परत ओट्यावर ठेवेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. त्यांनाही भीतीच वाटत होती, हे मला फार उशिरा कळलं.

आमचे हे मधले. यांना या घरचं दुखणं शिवलेलं नाही. मी त्यांना एकदाच उदास पाहिलंय, टीव्ही बिघडला होता तेव्हा. पण आमची मुलगी याच घरची, आणि ती गप्प बसून खिडकीबाहेर पाहायला लागली की मी हातातलं काम टाकून तिच्या शेजारी जाऊन बसते.

ताईचं निराळं होतं. ती आत जाऊन पडत नसे, तिला नुसती भीती वाटायची. घराबाहेर पडली की गॅस बंद केला का ते पाहायला परत यायची, आणि परत आल्याचं कोणी पाहिलं असेल का, या काळजीने पुन्हा घामाघूम व्हायची. "कशाची गं भीती?" असं मी विचारलं की म्हणायची, "तिचं तिला माहीत. मला सांगून येत नाही." लग्न तिने केलं नाही. मुलगा पाहायला यायचा म्हटलं की आदल्या दिवसापासून तिच्या छातीत धडधडायचं, आणि घरचं सगळं लपवून दुसऱ्याच्या घरी जायचं तिच्या जिवावर यायचं. मग तो विषयही निघेनासा झाला.

कामात मात्र तिचा हात थरथरला नाही कधी. ती काम करायची त्या लॅबमध्ये दातांच्या दवाखान्यांतून तोंडाचे ठसे यायचे, त्यात ती प्लॅस्टर ओतायची, साच्यावर गुलाबी मेण चढवायची, आणि स्पिरिटच्या दिव्यावर बारीक सुरी तापवून एकेक दात त्या मेणात बसवायची. म्हाताऱ्यांना सगळे दात सरळ आणि पांढरेशुभ्र हवे असतात. ताई त्यांचा तरुणपणीचा फोटो मागवायची आणि एखादा दात जाणूनबुजून किंचित तिरका लावायची. लॅबचे मालक कुरकुरायचे. गिऱ्हाइकांच्या बायका मात्र फोन करून सांगायच्या की आमचे हे परत आमच्या ह्यांच्यासारखे दिसायला लागले.

अशीच एका दवाखान्यात कवळ्या पोचवायला गेली असताना तिने भिंतीवरचा कागद वाचला. चिंता आणि नैराश्य घराण्यातून कसं उतरतं याचा अभ्यास चालू आहे, ज्यांना स्वतःला हा आजार आहे किंवा ज्यांच्या घरात आहे अशी माणसं हवी आहेत, थोडी लाळ द्यायची आणि काही प्रश्नांची उत्तरं द्यायची. ताईने तो कागद तिथे उभ्या उभ्या तीनदा वाचला. घरी आली आणि वाळलेले कपडे घडी करता करता मला म्हणाली, "अगं, याला नाव आहे. लोक याच्यावर अभ्यास करतात."

"मग?"

"मी जाणार. आणि बारक्यालाही नेणार."

"आईंना काय सांगणार?"

तिने हातातली चादर झटकली. "काही सांगेन. त्याचं वय आता बाबा गेले त्या वयाच्या जवळ आलंय. मला तो म्हातारा झालेला बघायचाय. त्याचे सगळे दात पडलेले बघायचेत. त्याची कवळी मला करायचीय, कळलं?"

तिला इतकं ठाम बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी लगेच म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर.

ते केंद्र म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचं यंत्र, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. एक तरुण मुलगी होती, तिचं नाव आम्ही आपसात नळीवाली ठेवलं. तिने ताईच्या हातात एक बारकी नळी दिली, त्यावर रेघ होती. तिथपर्यंत लाळ भरायची. आणि ताईच्या तोंडाला पडली कोरड. भीतीने तोंड असं सुकलं की थेंब निघेना. मी म्हटलं, लिंबाचा विचार कर. लिंबू कसं कापायचं, मीठ कसं लावायचं, जिभेवर कसं धरायचं, सगळं इतकं रंगवून सांगितलं की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, नळीवालीच्याही सुटलं, ताई कोरडी ती कोरडीच. ती नळीकडे बघत म्हणाली, "आख्खा जन्म लोकांच्या तोंडाची उठाठेव केली आणि स्वतःच्या तोंडात थुंकीसुद्धा नाही!" मग तिलाच हसू आलं, आणि हसता हसता नळी भरली.

त्यानंतर प्रश्न. नळीवाली वाचायची, ताई सांगायची. तुमच्या आईवडिलांपैकी कोणाला हा त्रास होता का? वडिलांना. ते हयात आहेत का? नाहीत. मृत्यू कशाने झाला? मला वाटलं, आता पाय घसरणार. ताईने पदराचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाली, "त्यांनी जीव दिला." मग आजोबांचंही तेच सांगितलं. काकांचंही तेच. प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा मोठा होत गेला. मी बाजूच्या खुर्चीत बसून रडले. मला तिचा इतका अभिमान वाटला की ती माझी सख्खी बहीण असावी असं झालं.

"म्हणजे खाण तशी माती, एवढंच ना?" शेवटी ताईने विचारलं.

"एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं," नळीवाली म्हणाली. "रक्तातून शेकडो गोष्टी येतात, आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. शिवाय आयुष्यात काय घडलं, सोबत कोण होतं, हेही त्यात मिसळतं. आम्हाला हजारो माणसांच्या नळ्या लागतील. तुम्हाला यातून काही मिळणार नाही, हे आधीच सांगते. तुमचा निकाल असा वेगळा देता येत नाही." मग तिने आणखी एक सांगितलं. उत्तरांत जिवाला धोका वाटावा असं काही दिसलं, तर इथली डॉक्टर फोन करते. त्यासाठी स्वतःचा एक आणि घरच्या कोणाचा एक, असे दोन नंबर द्यावे लागतात.

घरी सासूबाईंना कळायचं ते कळलंच. "थुंका, नळीत थुंका," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी ताकास तूर लागू दिली नाही, आता तुम्ही गावभर वाटा." ताई मात्र मागे हटली नाही. बारक्या तयार झाला तो केवळ तिच्यासाठी. "माझी थुंकी कोणी मागून नेतंय, एवढी किंमत मला कधी आली नव्हती," असं म्हणून तो खरंच हसला. केंद्रात गेल्यावर त्याने प्रश्न वाचून घ्यायला नको म्हटलं. पडद्याचं यंत्र हातात घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत एकटाच उत्तरं भरत बसला. दुसरा नंबर ताईचा दिला. बाहेर पडल्यावर आम्ही तिघं चालत आलो. वाटेत तो ताईला म्हणाला, "बरं केलंस मला आणलंस. कोणाला तरी सांगून झालं." ताईच्या चेहऱ्यावर ते ऐकून जे आलं, तसं सुख मी या घरात कोणाच्याही चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मलाही वाटलं, चला, दार उघडलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. फोन बंद. आम्हाला धक्का बसला नाही, हेच खरं दुर्दैव. या घराला त्याची सवय होती. सासूबाईंनी स्टुलावर ताट ठेवलं. ताई दारासमोर थोडा वेळ उभी राहिली, मग मला म्हणाली, "संध्याकाळी आल्यावर मी बोलते त्याच्याशी. दार उघडायला लावते." आणि ती लॅबला गेली, मी माझ्या वीजबिलाच्या खिडकीवर गेले, हे आपल्या कामाला गेले.

पुढचं मी ताईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते माझ्यासमोर घडल्यासारखं मला दिसतं. तिने प्लॅस्टर कालवायला घेतलं होतं. एका दवाखान्याचा माणूस घाईची कवळी न्यायला येऊन बसला होता, आणि मालक त्याच्याशी बोलत तिच्या टेबलापाशीच उभे होते. फोन वाजला. तिने तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. अनोळखी बाईचा आवाज. मी केंद्रातून डॉक्टर बोलतेय, तुमच्या भावाचा फोन लागत नाही, मला त्यांच्याशी आजच बोलायचंय, ते घरी आहेत का?

आणि ताई म्हणाली, "तो बाहेरगावी गेलाय."

डॉक्टरने विचारलं, "बरे आहेत ना? कधी येतील?"

"अगदी मजेत आहे. दोन-तीन दिवसांत येईल."

"आल्याबरोबर मला फोन करायला सांगा. विसरू नका हं." त्याने काय उत्तरं दिली होती हे त्याला विचारल्याशिवाय बहिणीला सांगायची डॉक्टरला मुभा नव्हती, आणि माणूस सुखरूप आहे असं सख्खी बहीण सांगत होती. तिने फोन ठेवला.

ताईनेही ठेवला. ठशात प्लॅस्टर ओतलं, बुडबुडे निघावेत म्हणून ठसा टेबलावर ठोकला. मालकांना म्हणाली, थोडा वेळ लागेल. प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं. ते किती झालंय हे पाहायला तिने त्यावर हात ठेवला, आणि आपण आत्ता काय बोललो ते तेव्हा कुठे तिच्या कानात शिरलं. समोर मालक होते म्हणून नाही, त्या माणसाची लाज वाटली म्हणूनही नाही. परक्या आवाजाने घरच्या माणसाची चौकशी केली, आणि ते वाक्य आपलं आपण बाहेर आलं. जित्याची खोड म्हणतात ती ही.

तिने केंद्राला फोन लावला, तर तो सतत गुंतलेला. मग घरी लावला. "आई, दार वाजव. बारक्याला उठव, आत्ताच्या आत्ता."

"कशाला? पडलाय तो. ताट घेईल भूक लागली की."

"आई, तुझ्या पाया पडते, दार वाजव!"

"ओरडू नकोस. लोक ऐकतील तिथले," सासूबाई म्हणाल्या आणि टीव्हीसमोर जाऊन बसल्या.

मग तिने मला फोन केला. मी खिडकीवरची रांग तशीच सोडून निघाले, पण ती माझ्याआधी पोचली. मी जिना चढत होते तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. या घरात मागचं दार कोणी वाजवल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. प्लॅस्टरने पांढऱ्या झालेल्या दोन्ही हातांनी ती दार बडवत होती आणि त्याला हाका मारत होती, मोठ्याने, साऱ्या इमारतीला ऐकू जातील अशा. वरच्या मजल्यावरच्या सुताराने येऊन दार तोडलं. आत काय होतं ते मी सांगणार नाही. ते सर्वांत आधी ताईने पाहिलं, एवढं पुरे.

स्टुलावरचं ताट तसंच होतं. डॉक्टरांनी तपासलं, पोलिसांनी विचारलं, पण फोन आला तेव्हा तो जिवंत होता की त्याआधीच संपला होता, हे कोणालाही छातीठोकपणे सांगता आलं नाही.

माणसं भेटायला यायला लागली तेव्हा सासूबाई आम्हाला जवळ बोलावून म्हणाल्या, "हृदय बंद पडलं म्हणून सांगा." यांनी होय म्हणून मान हलवली. ताई उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगितलं, "त्याने जीव दिला. त्याला आजार होता. बाबांनाही होता." लोक खाली बघायचे आणि चपला काढायला नको इतका वेळ लावायचे. खालच्या मजल्यावरची एक बाई जिन्यात कोणाला तरी म्हणाली, खाण तशी माती. मी चार पायऱ्या उतरून तिला म्हटलं, "तुमच्या खाणीत काय काय आहे ते मी मोजायला येऊ का?" मला आवरायला यांना यावं लागलं. सासूबाईंनी त्यानंतर ताईशी बोलणं सोडलं. पण त्यांना मी एकदा पाहिलं. त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, आणि नुसत्या चौकटीवर, जिथे आता दारच नव्हतं, बोटाने हळूहळू ठोकत होत्या.

काही आठवड्यांनी ताईने मला केंद्रात सोबत यायला सांगितलं. फोन केला होता ती डॉक्टर पहिल्यांदाच समोर दिसली. माझ्याच वयाची होती, आणि तिचे डोळेही जागरणाने सुजलेले होते. ताईने आधी विचारलं, बारक्याच्या नळीचं काय करणार. डॉक्टर म्हणाली, "त्यांनी सही करताना नंतरही वापरायला परवानगी दिली आहे. पण घरच्यांची इच्छा नसेल तर..."

"वापरा," ताई म्हणाली.

मग डॉक्टर म्हणाली, "तुमची काही चूक नाही असं नुसतं म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, हे मला समजतं. पण तुमच्या शब्दावर मीही विसंबले. मी आणखी विचारायला हवं होतं. आता आम्ही ती पद्धत बदलतोय."

ताईने ते नीट ऐकून घेतलं. "मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "त्याची नळी तुमच्याकडे आहे. माझीही आहे. एवढी यंत्रं आहेत. त्याच्या मरणात रक्ताचा वाटा किती आणि माझ्या त्या वाक्याचा किती, हे वेगळं काढता येईल का?"

"नाही," डॉक्टर म्हणाली. "एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. हजारो माणसांचं मिळून थोडंफार कळतं. एकाचं नाही."

"पुढे कधी?"

"मला नाही वाटत."

ताईने मान हलवली, गिऱ्हाइकाचं माप समजल्यासारखी. "मग वेगळं निघत नाही तोवर सगळं माझंच धरते," ती म्हणाली.

डॉक्टर तिला समजावत राहिली. मी तिथेच तिच्याशी भांडले, घरी येऊन पुन्हा भांडले, तिला मूर्ख म्हटलं, तिच्या गळ्यात पडून रडले. तिने सगळं ऐकून घेतलं. ती अजूनही सगळं स्वतःचंच धरते.